धाकटीचं विटकरी यॅरो

गल्लीत तिला सगळे ताई म्हणायचे, आणि ताई बी वाटण्यात कधी मागे नव्हती, हे आधी कबूल करायला हवं. कोणी फाटकाशी थांबून नुसतं म्हणालं, काय रंग आहे हो, की तिने सुकलेला तुरा चुरगळून मूठभर बी पुडीत बांधून दिलंच म्हणून समजा. लोक म्हणायचे, बाई मनाने मोठी. त्यात खरं किती होतं ते, यॅरो हे फुलझाड ठाऊक असलेल्यालाच कळलं असतं, आणि त्या गल्लीत ते ताईखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

यॅरो तसं हट्टी झाड. पानं गाजराच्या पाल्यासारखी, बारीक कातरलेली. वर ताठ दांडा आणि दांड्यावर शेकडो चिमुकल्या फुलांचा सपाट तुरा, ताटलीसारखा. मुरमाड जमीन द्या, डोक्यावर ऊन द्या आणि पुन्हा तिकडे फिरकू नका, मग बघा. लाड केले की बिघडतं. रानातलं बहुतेक पांढरं असतं, बागेतले प्रकार निराळे: छातीपर्यंत वाढणारं पिवळं, गुलाबी, चेरीसारखं लाल आणि उन्हात मातकट होत जाणारं. पण या रंगीत प्रकारांची एक खोड आहे. बी पेरलं तर आईचा रंग पोरात उतरेलच याचा भरवसा नाही, कित्येकदा पांढरं नाहीतर फिक्कट काहीतरी उगवतं. तोच रंग हवा असेल तर ठोंब उपटून हाताने फोडायचा आणि मुळासकट तुकडा लावायचा. ताईने एका रोपवाटिकेत एकतीस वर्षं हेच काम केलं होतं. पुडी बांधताना ती हसायची ती उगाच नाही.

तिची धाकटी बहीण त्याच रोपवाटिकेत कुंड्या भरायला होती. टाकाऊ रोपांच्या ढिगामागे, सांडपाण्याच्या चरीच्या काठाला तिला एक यॅरो दिसलं. भाजलेल्या विटेचा रंग आणि प्रत्येक फुलात मधोमध हळदीचा ठिपका. असला रंग दोघींनी जन्मात पाहिला नव्हता.

"आक्का, हे आपलं आपणच आलंय गं. कोणी लावलेलं नाही."

ते त्यांनी डब्याच्या पिशवीतून घरी आणलं आणि ताईच्या अंगणात भिंतीलगत लावलं. धाकटीचं म्हणणं, फोडून सगळ्या गल्लीला वाटू या, प्रत्येक फाटकाशी हाच रंग दिसू दे. ताई म्हणाली, आधी आपल्याकडे तर टिकू दे.

"तू ना, फुलालाही कुलूप लावशील," धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तिसऱ्या वर्षी, कळ्या यायच्या आत, धाकटी छातीच्या दुखण्याने गेली.

त्यानंतर ताईने खरंच कुलूप लावलं. दर तीन वर्षांनी ठोंब फोडायची, त्यातला एकच चांगला तुकडा परत लावायची आणि उरलेल्या मुळ्या बादलीत बुडवून महिनाभर कुजवायची. नखाएवढी मुळी मातीत पडली तरी यॅरो धरतं, म्हणून ही खबरदारी. रोपवाटिकेचे मालक एक फुटवा मागायला घरापर्यंत आले, तर त्यांना सांगितलं, "गेलं ते, साहेब. बहिणीच्या मागोमाग गेलं." समोरच्या शिंपीणबाई एकदा स्पष्टच म्हणाल्या, "बी नको ताई, मुळी द्या ना." त्यांनाही डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "मुळीने येत नाही हो हे. बीच लावा." कोणी तिला दुष्ट म्हणेल, म्हणो बापडं. धाकटीचं एवढंच काय ते उरलं होतं, आणि ते दहा दारांत दिसायला लागलं तर आपल्याजवळ काय राहिलं, असं तिला वाटायचं. हे तिने नवऱ्यालाही कधी बोलून दाखवलं नाही.

या वर्षी पुन्हा फोडायची वेळ झाली होती. ठोंबाला मधोमध टक्कल पडलं होतं. ताई खुरपं आणायला उठली आणि मागच्या पायरीवरून घसरली. खुबा मोडला. सात आठवडे इस्पितळात.

जाताना नवऱ्याला तिने बजावलं होतं, "अहो, त्याला पाणी घालू नका, काही करू नका." पण तो निवृत्त बसचालक, उभा जन्म वेळेवर पोचण्यात गेलेला. स्वस्थ बसणं त्याला जमायचं कसं? बायको इस्पितळात, घर खायला उठलेलं. ठोंब मधे उघडा पडलेला बघून त्याला वाटलं, झाड मरतंय. त्याने दोन पोती शेणखत आणून घातलं आणि सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी दिलं. भेटायला गेला की सांगायचा, मस्त आहे, काळजी करू नकोस.

काठी टेकत ताई घरी आली तेव्हा भिंतीलगत हिरवंगार होतं. तिने वाकून पाहिलं. माती काळी होती आणि लोण्यासारखी मऊ.

"खत घातलंत?"

"थोडंसं. बघ की कसं तरारलंय."

पान सगळ्या रंगांच्या यॅरोचं सारखंच असतं, फूल कोणतं येईल ते पानावरून कळत नाही. तीन आठवडे ती रोज सकाळी खुर्ची टाकून त्या कळ्यांसमोर बसली. मग पहिला तुरा उघडला. पांढरा. दुसराही पांढरा. पाचवा उघडेपर्यंत नवरा मागे येऊन उभा राहिला होता.

"कुजलं गं ते," तो म्हणाला. "आधी माजलं, मग आडवं झालं आणि बुडाशी काळं पडलं. उपटून फेकलं मी. पण आजूबाजूला त्याचीच पिल्लं उगवली होती, तीच उचलून इथे लावली. त्याचीच आहेत ना? रंग येईल ना पुढच्या वर्षी?"

त्याचा चेहरा शाळेत पाटी फोडलेल्या पोरासारखा झाला होता. त्याला रागावून काय मिळणार होतं? बादल्या भरभरून तर तिने स्वतः कुजवलं होतं. एक फुटवा, कोणाही एकाला दिलेला एक फुटवा, आज पुरला असता.

तरी वेडी आशा. ती काठी घेऊन निघाली आणि फाटकाफाटकाशी थांबली. रोपवाटिकेच्या जागी केव्हाच गाड्यांचा तळ झाला होता, तिकडे जाण्यात अर्थ नव्हता. पण गल्लीत तिचं बी सगळीकडे फुललं होतं. पांढरं. पांढरं. एके ठिकाणी मळकट गुलाबी. लोक कौतुकाने बोलवायचे, "या ताई, बघा तुमचं झाड." ती मान हलवायची आणि पुढे जायची.

परतताना शेवटचं घर समोरच्या शिंपीणबाईंचं. त्यांच्या पायरीशी पांढऱ्या यॅरोचा ऐसपैस ताटवा होता.

"झाड गेलं ते ऐकलं मी," शिंपीणबाई म्हणाल्या. "थांबा, तुम्हाला यातलं देते."

"अहो, नको."

"नको काय? तुमच्याच बहिणीचं आहे. माझा हात वाईट, म्हणून रंग गेला असेल." त्यांनी खुरप्याने ठोंब उचलला, दोन्ही हातांनी फोडला आणि त्यातला भरलेला, जाड मुळ्यांचा तुकडा ओल्या चिंधीत गुंडाळला. "आणि ताई, मुळीनेही येतं बरं का हे. मी करून पाहिलंय. चौघींना दिलं, चौघींकडे लागलं. तुम्हाला कोणीतरी चुकीचं सांगितलं होतं."

ताईने दोन्ही हात पुढे केले, ते घेतलं आणि चिंधी छातीशी धरून खाली मान घातली. शिंपीणबाईंना वाटलं, बहिणीची आठवण आली असेल. त्यांनी तिला फाटकापर्यंत सोडलं.

नवरा अंगणातच उभा होता. तिच्या हातातली चिंधी बघून त्याचे डोळे चमकले.

"मिळालं?"

"हो."

त्याने घाईघाईने खड्डा केला, तुकडा ठेवला, माती दाबली. मग झारी उचलून तिच्याकडे बघत भीत भीत विचारलं, "पाणी घालू का गं?"

"घाला," ताई म्हणाली. "हवं तेवढं घाला."