सायकलवरून पडणारा शिपाई

भिकाजीकाका गेल्याचं मला आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये कळलं. त्यांच्या शेजारची मलाय बाई आत आली, तिने तीन बोटं दाखवली, म्हणजे तिसरा मजला, आणि मग दोन्ही तळवे गालाखाली ठेवून डोळे मिटले. मला वाटलं, काका झोपलेत, उगाच उठवू नको असं सांगतेय. मी मान हलवली आणि पेपरची घडी घेऊन तरीही त्यांच्या दाराशी गेले. दार सताड उघडं होतं आणि बाहेर खूप चपला होत्या... त्याला आता सहा आठवडे झाले.

मी सिंगापुरात यिशुनला मुलाकडे राहायला आले तेव्हा दिवसभर घरात एकटी असायची. मिलिंद जुरोंग ईस्टला इंजिनिअर, सून कामावर, नात शाळेत. इंग्रजी मला येत नाही, आणि मराठीतसुद्धा मी आपणहून कुणाशी बोलायला जाणारी नव्हे. एकदा खाली बाकावर शेंगा सोलत बसले होते, तर एक म्हातारा काठी टेकत आला आणि म्हणाला, "कुठची गं तू, बाय?" मी चिपळूणकडची म्हटलं. काका गुहागरकडचे. विशीत थोरल्या भावाकडे इथे आले, भाऊ नौदलाच्या गोदीत फिटर होता. काकांनी लग्न केलं नाही, गावीही परत कधी गेले नाहीत. पंच्याऐंशीचे झाले होते, डोळे अधू झाले होते, म्हणून मिलिंद आणायचा ते मराठी पेपर मी त्यांना वाचून दाखवू लागले. माझी शाळा चौथीपर्यंत. ओळीखाली बोट धरून वाचायची सवय अजून गेलेली नाही. काका म्हणायचे, "बाय, बातमी वाचतेस की माशाचे काटे काढतेस?"

ते बोलायला लागले की हसू आवरत नसे. ही कला त्यांच्याकडे कुठून आली, ते त्यांनी मला वर्षभराने सांगितलं. युद्ध इथे पोचायच्या आधी सिंगापुरात हिंदुस्थानी पलटणी होत्या. शनिवारी संध्याकाळी मैदानात पडदा बांधून त्यांना सिनेमे दाखवायचे. दहा-बारा मिनिटांचे, विनोदी, शत्रूची टर उडवणारे. सगळं इंग्रजीत, आणि काकांना थोडं इंग्रजी यायचं, म्हणून त्यांना भोंगा देऊन पडद्याशेजारी उभं केलेलं. त्यांनी आपल्या शिपायांना समजावून सांगायचं. एका सिनेमात एक जाडा शिपाई सायकलवर चढायला बघतो, विजार साखळीत अडकते, सायकल उतारावरून सुटते आणि तो बदकांच्या तळ्यात जातो. वर येऊन सलाम ठोकतो तर टोपीखालून बदक ओरडतं. शिपाई हसून हसून गवतावर लोळायचे.

त्याच वर्षी भावाला गावी जायची रजा मिळाली होती. जपानी येणार अशी कुजबुज सुरू झाली होती. वहिनीच्या मांडीवर चार महिन्यांची मुलगी. वहिनी म्हणत होती, निघूया. भावाला काम सोडवत नव्हतं. त्याने काकांना विचारलं, "भिक्या, तू दर शनिवारी त्यांना बघतोस. कसे आहेत रे?" काकांनी स्वयंपाकघरातलं लाटणं उचललं, ते सायकलच्या हँडलसारखं दोन्ही हातांत धरलं आणि तो अख्खा सिनेमा तिथेच करून दाखवला. पाटावर पाय अडकवून पडलेसुद्धा. "दादा, ह्यांना धड सायकल येत नाही, हे समुद्र ओलांडून येणार?" वहिनी इतकी हसली की तिला मुलीला खाली ठेवावं लागलं. रजा पुढे ढकलली.

तीन-चार महिन्यांनी ते आले. सगळा मलाया उतरून आले, आणि सायकलींवर बसून आले. भावाला त्यांनी इतरांबरोबर जंगलात रेल्वे टाकायला नेलं, तो परत आला नाही. युद्ध संपल्यावर वहिनी मुलीला घेऊन गावी निघाली. काका धक्क्यावर पोचवायला गेले. ती म्हणाली, "भावोजी, तुमची काय चूक? त्या मेल्या सिनेमाने फसवलं." या एका वाक्यावर काका साठ वर्षं जगले. मलाही म्हणायचे, "त्यांनी दाखवलं ते मी सांगितलं. मी नुसता भोंगा."

मी हे घरी जेवताना सांगितलं. मिलिंदच्या ऑफिसात एक जण जुने सिनेमे जमवतो. त्याच्याकडून मिलिंदने तसल्या सिनेमांची एक सीडी आणली. मला वाटलं, काकांना बरं वाटेल. ज्याने फसवलं तो एकदा समोर दिसेल.

रविवारी काका आमच्याकडे आले. पाच सिनेमे तसेच गेले. सहावा लागला आणि ते पुढे सरकले. "हाच." पडद्यावर जाडा, गोरापान, भरघोस मिशांचा माणूस. मिलिंद म्हणाला, "काका, हा जर्मन आहे. टोपी बघा ना त्याची."

"जपानी पुढे येईल. थांब."

तळं आलं, बदक आलं, सिनेमा संपला. "पुन्हा लाव," काका म्हणाले. पुन्हा लावला. नात उठून गेली. "आजी, नॉट फनी लाह!" तिसऱ्यांदा लावला तेव्हा काका हळूच बोलू लागले. ओठातल्या ओठात, मग मोठ्याने. आवाज एकदम तरुण झाला. "बघा हो मंडळी, जपानचे सरदार निघाले मुलूख जिंकायला! अहो सरदार, आधी विजार सांभाळा! सायकल म्हणते, सरदार, तुम्ही चाला, मी बसते!"

मी हसले. मी कधी चारचौघांत मोठ्याने हसत नाही, पण त्या दिवशी खदखदून हसले. काकांचा हात हवेतच राहिला. पडद्यावरचा माणूस तळ्यात पडला.

"वहिनी इथेच हसली होती," काका म्हणाले. मग म्हणाले, "ह्यात जपानी नव्हताच, बाय. शिपाई विचारायचे, जपानी कसा असतो... मी म्हटलं, असा."

त्यानंतरही मी वाचायला जात राहिले. काटे काढतेस का, असं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एकदाच म्हणाले, "वहिनी बिचारी उगाच सिनेमाला शिव्या देत मेली. तिला खरं कळलंच नाही." माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, की काका, तिला माहीत होतं. ती सिनेमाला गेली नव्हती, ती तुमच्याकडे बघून हसली होती. आपल्याला कुणी हसवलं ते बाई विसरत नाही. तुम्ही जगावं म्हणून ती तसं बोलली... पण एवढ्या मोठ्या माणसाला मी काय सांगणार, असं वाटलं आणि मी पुढची बातमी वाचली. आठ दिवसांनी ते गेले.

सीडी अजून आमच्याकडेच आहे. मिलिंद परत देतो म्हणाला, मी थांब म्हटलं. गेल्या गुरुवारी दुपारी घरात कुणी नसताना मी ती लावली. मला एवढंच बघायचं होतं, की तो सिनेमा आपणहून हसवतो का. थोडासा जरी हसवत असला, तरी वहिनीचं म्हणणं थोडं खरं ठरलं असतं. मी खुर्ची जवळ घेतली आणि नीट बघत बसले. जाडा माणूस आला, सायकल आली. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. मग त्याची विजार साखळीत अडकली, "अहो सरदार, आधी विजार सांभाळा!" आणि मी हसले. रिकाम्या घरात, एकटी, मोठ्याने.

टीव्हीचा आवाज मी बंदच ठेवला होता.