भंतेंचा डबा, राजूरमार्गे

६ जानेवारी, मंगळवार. सकाळी ओट्यापाशी उभी राहून डबा भरत होते. मऊ खिचडी, मेथी घातलेले वरण, दुधीची भाजी आणि कडा काढलेली पातळ भाकरी. भंतेंचे दात आता नावापुरते उरले आहेत.

आमचे गाव भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे. तिथल्या विहारात भंते राहतात. त्यांना रोज एका घराने जेवण द्यायचे, अशी गावात पाळी आहे. मी जुन्या जालन्यात राहते, दवाखान्यात नर्स आहे, पण महिन्यातली एक पाळी मी मागून घेतली आहे. त्या दिवशी त्यांच्यासाठी गावात दुसरे कोणी रांधत नाही. भिक्खूने दुपारी बारानंतर जेवायचे नसते, तेव्हा डबा त्याआधी पोचला पाहिजे. त्यात पावसाळ्यापासून भंतेंना इन्सुलिन सुरू झाले आहे. अकराला सुई, लगेच जेवण, हा नियम मी घालून दिला. विहार सांभाळणाऱ्या सुखदेवमामांना सुई द्यायलाही मीच शिकवले.

भोकरदनची बस मिळाली, पण बसायला जागा नाही. सगळ्यांच्या हातात दुर्वा आणि जास्वंद. शेजारच्या बाईंना विचारले, आज एवढी गर्दी कशाची?

"अंगारकी हाय ना आज! राजूरच्या गणपतीला चाल्लो सगळे. तुमाला माहीत न्हाई?"

कसे माहीत असणार? आम्ही बौद्ध. पौर्णिमा तोंडपाठ असतात, चतुर्थी कधी येते नि कधी जाते याचा आमच्या घरात कोणाला पत्ता नसतो. भोकरदनचा रस्ता राजूरवरूनच जातो आणि अंगारकीला राजूरला जत्रा असते, एवढे मात्र जालन्यात राहून मला कळायला हवे होते.

बाईंनी डब्याकडे पाहिले. "नैवेद्य का?"

"आमच्या भंतेंचं जेवण. बारानंतर ते खात नाहीत."

"घ्या! तुमचं बाराला बंद, आमचं चंद्र निघाल्यावर चालू," त्या हसल्या. "मदी आपण बायका, दोन्हीकडं चुलीपाशी."

मीही हसले. त्या दिवसाचे हसणे तेवढेच.

राजूर दिसू लागण्याआधीच बस थांबली. पुढे ट्रॅक्टर, जीपा, अनवाणी चालणारी माणसे. कंडक्टर म्हणाले, "अर्धा तास समजा, न्हाईतर दीड." मी सुखदेवमामांना फोन लावला.

"मामा, मी राजूरला अडकले. सुई दिली का?"

"हां ताई, आता अकरा व्हायलेच. तुमी म्हणल्त्या ना, अकराला बराबर..."

"देऊ नका! मामा, ऐकू येतंय का? देऊ नका!"

फोन कटला. परत लावला, लागेना. जत्रेतला प्रत्येक माणूस त्याच वेळी घरी फोन लावत असावा. दिली की नाही दिली, मला कळेना. दिली असेल आणि जेवण पोचले नाही, तर साखर उतरत जाणार. घाम, थरथर, मग ग्लानी. म्हाताऱ्या माणसाला मग उठवणे कठीण. हे मी वॉर्डात पाहिलेले आहे.

डबा छातीशी धरून उतरले आणि गर्दीतून चालू लागले. पेढ्यांची दुकाने, पाळणे, भोंगे. राजूर मी अनेकदा पाहिले आहे, त्या दिवशी फक्त लोकांच्या पाठी पाहिल्या. चालताना भंतेंची शिबिरे आठवत होती. उन्हाळ्यात विहारात पोरांना पाली शिकवायचे. मुली मागे, दाराजवळ. मी सारखी का, का विचारायची म्हणून वडील मला घरी न्यायला आले, तर भंते म्हणाले, "पोरगी इचारती, तिला पुढं बसवा. गप बसणारे मागं बसू द्या." माझे उत्तर बरोबर आले तरी म्हणायचे, "मी सांगितलं म्हणून खरं न्हाई. सिद्ध कर." बारावीनंतर नर्सिंगचा अर्ज भरू द्या म्हणून वडिलांच्या मागे तेच लागले. मी जी काही आहे, ती त्या पुढच्या रांगेतून आले.

राजूरच्या पलीकडे एक गृहस्थ मोटारसायकलला किक मारत होते. हँडलला नारळाची पिशवी. विचारले, भोकरदन?

"बसा. पण एवढी घाई कशाची? दर्शन तर झालं असंल."

"माझं दर्शन पुढे आहे. माणूस आजारी आहे."

त्यांनी गाडी काढली. दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली तूर होती, काही ठिकाणी सोंगणी (कापणी) चालू होती. एरवी मी हे लक्ष देऊन पाहते. भोकरदनला त्यांनी स्वतःच रिक्षावाल्याला दम दिला, "ताईला जल्दी सोड, रस्त्यात शिटं भरू नको." रिक्षात बसले तेव्हा बारा वाजून गेले होते. मामांचा फोन आता बंद लागत होता.

विहारात शिरले तर भंते भिंतीला टेकून बसलेले. अंगावरचे चीवर मानेपाशी घामाने ओले. डोळे उघडे, पण माझ्यावर नव्हते.

"दिली सुई?"

"दिली ना. अन् फोनची बॅटरीच गेली," मामा रडवेले झाले होते. "शेजारच्या वच्छलाबाईनं भाकरी-पिठलं आणल्तं, बाराच्या आत. हात न्हाई लावला. म्हणले, कांताची पाळी हाय, कांता येते म्हणली."

बोट टोचून यंत्रावर साखर तपासली. फार खाली. डबा उघडण्यात अर्थ नव्हता, ते खाणार नव्हते आणि तोंड मिटून घेतले तर मी काही करू शकले नसते. मी मामांना चहाचा गूळ आणायला सांगितले.

"भंते, गूळ घ्या."

"येळ गेली." जीभ जड.

"जेवणाची गेली. तूप, लोणी, तेल, मध, गूळ. आजारी भिक्खूला औषध म्हणून कधीही चालतात. तुम्हीच पाठ करून घेतलंय."

"आजारी... कोण?"

"तुम्ही. हे यंत्र बघा. सिद्ध झालं."

रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी खडा पुढे केला. त्यांनी खड्याकडे पाहिले. मग हात पुढे केला आणि तोंडात टाकला. मी दुसरा दिला, तिसरा दिला. वच्छलाबाई दारात पदराचे टोक चावत उभ्या होत्या.

हळूहळू त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"अर्धंच सांगितलं तू," ते म्हणाले. "आजाऱ्याला गूळ. अन् धडधाकट असला तर?"

मी पुढचा खडा शोधू लागले.

"गुळाचं पाणी. ते बी चालतं. मागं बसायची का आता?"

यंत्र नंतर पाहिले. भंते चूक काढायला लागले, तेव्हाच साखर वर आल्याचे मला कळले होते.

"पुन्हा माझी वाट पाहायची नाही," मी जरा जोरातच म्हणाले. "समोर आलेलं जेवायचं."

"तू येते म्हणली होती."

"मी उशिराही येऊ शकते, भंते."

"ते आज कळलं," ते म्हणाले आणि डोळे मिटून हसले.

संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळाने बोट टोचत राहिले, गूळ देत राहिले. डबा मामांनी आणि मी संपवला. भंतेंच्या बाराच्या नियमावरून मी वर्षानुवर्षे त्यांच्याशी वाद घातला आहे. त्या दिवशी मोडता न येणारा नियम त्यांचा नव्हता, माझा होता. अकरा म्हणजे अकरा, ताट असो की नसो. मामांनी तो शब्दशः पाळला. दवाखान्यात फोन करून रजा वाढवली आणि तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी पाळी वच्छलाबाईंची होती. सकाळी त्यांच्या चुलीपाशी बसून भाकऱ्या थापल्या, ताट घेऊन त्यांच्याबरोबर विहारात आले. सुई भरली आणि मामांना जवळ बसवून नुसती हातात धरून ठेवली. भंतेंनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. मग सुई दिली.