पेडण्याच्या घरातला फोटो

लेकीच्या लग्नाला तीन आठवडे उरले होते आणि मी देवळात जायचं सोडलं होतं. हे आजवर कोणाला मोकळेपणाने सांगितलं नाही. डिचोलीजवळच्या आमच्या गावात सातेरीचं देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून एक शुक्रवार चुकवला नव्हता. पण त्या दिवसांत घंटा कानावर आली की मी खिडकी लोटून घ्यायचे.

माझे यजमान सातार्ड्याचे. गोव्यात खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथेच राहिले. लग्नाला वर्ष होत आलं होतं, तेव्हा खाणीच्या रस्त्यावर त्यांचा ट्रक उलटला. मला पाचवा महिना होता. मागे राहिला तो एकच फोटो, लग्नात काढलेला, आम्हा दोघांचा. ओलीने खराब होऊ नये म्हणून मी तो लुगड्यात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवला. श्राद्धाच्या दिवशी तेवढा बाहेर निघायचा. लेक लहानपणी त्या दिवसाची वाट बघायची, कारण वडील म्हणजे तिला कागदावरचा तो चेहराच ठाऊक. सासूबाईंनी एकदा प्रत काढून घ्यायला फोटो मागितला होता. हरवेल या भीतीने मी दिला नाही. त्या तशाच गेल्या.

लग्नात तो फोटो मोठा करून मांडावा, बोहल्यावर चढण्याआधी लेकीने त्यांच्या पाया पडावं, असं आमचं ठरलं होतं. त्यासाठी पेटी उघडली तर लुगड्याच्या घडीतून माती सांडली. वाळवी लागली होती. फोटोत मी शाबूत होते, मुंडावळ्यांसकट. माझ्या शेजारी नुसतं भोक होतं. उरलेला तुकडा लेकीने ओढणीने पुसला आणि परत घडीत ठेवला.

आमची सातेरी म्हणजे वारूळच. गाभाऱ्यात वाळवीनेच उभारलेलं मातीचं वारूळ आहे, त्यालाच आम्ही आई म्हणतो. जिला आयुष्यभर हात जोडले तिनेच माझ्या घरात शिरून त्यांचा चेहरा नेला, असं मनाने घेतलं ते घेतलंच. सासूबाईंना तेव्हा फोटो दिला असता तर आज एक प्रत कुठेतरी राहिली असती, हेही आत कुठेतरी टोचत होतं. पण स्वतःवर रागावण्यापेक्षा देवीवर रागावणं सोपं होतं.

लग्नाचा पहिला नारळ मात्र देवीपुढे ठेवावाच लागतो. लेक एकटीच निघाली, तेव्हा नाइलाजाने मी सोबत गेले. गाभाऱ्यासमोर एक तरुण बाई तान्हं मूल घेऊन, आपल्या आईबरोबर ओटी भरायला आली होती. आम्ही त्यांच्या मागे उभ्या राहिलो. आमची पाळी आली तसा पुजाऱ्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. रीतीप्रमाणे लेकीच्या वडिलांचं पूर्ण नाव घेतलं, सातार्ड्याचे म्हणून गाव सांगितलं, ते आज नाहीत तेव्हा हे कार्य तूच तडीस ने, असं म्हणाले. लेकीने डोळे मिटले होते. मी हात जोडले नाहीत.

गाऱ्हाणं संपलं तशी ती मघाची थोरली बाई माझ्याजवळ आली.

"बाये, तुझो घोव ट्रक चलयतालो?"

मी होय म्हटलं. यजमान कधी गेले हे तिने विचारलं. मी सांगितलं तशी ती खांबाला टेकून खाली बसली.

"तो माणूस आमच्या घरात आसा गे," ती म्हणाली. "देवांच्या बाजूक. फोटो आसा तेचो."

मग तिने जे सांगितलं ते असं. तिचं घर पेडण्याचं. आमच्या लग्नानंतरचाच तो पावसाळा. खाण बंद होती म्हणून हे दुसऱ्या कोणाच्या ट्रकातून पेडण्याकडे माल पोचवायला जात. त्या दिवशी हिला कळा सुरू झालेल्या, घरात फक्त सासू, आणि रस्त्याला एक गाडी नाही. यांनी ट्रक थांबवला, दोघींना केबिनमध्ये बसवलं आणि म्हापशाच्या इस्पितळात पोचवलं. मुलगी झाल्याचं कळेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिले. बारशाला त्यांना आग्रहाने बोलावलं होतं, तेव्हा फोटो निघाला. ओटी भरायला आलेली ती तीच मुलगी, आमच्या शेजारच्या गावात दिलेली. ते गेल्याचं पेडण्याच्या त्या घरात कधी कळलंच नाही. ही बाई चोवीस वर्षं रोज दिवा लावताना देवाला सांगत आली होती, त्या माणसाला सुखात ठेव.

यातलं एक अक्षर त्यांनी मला घरी सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ती जावयाबरोबर आमच्याकडे आली. फोटो चौकटीसकट टॉवेलात गुंडाळून आणला होता. बाकावर बसलेले ते, खाकी शर्ट, केस विस्कटलेले, मांडीवर बारा दिवसांचं मूल. त्याचं डोकं कोपरावर नीट सावरून धरलेलं. लग्नातल्या फोटोत ते अवघडून उभे होते, इथे हसत होते. ते हसू मी विसरून गेले होते.

लेकीने चौकट आपल्या मांडीवर घेतली.

"बाबांनी माकाय असाच घेतला असता, न्हय गे आई?"

मी होय म्हटलं. पेडण्याची बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

डिचोलीच्या स्टुडिओत प्रती काढून घेतल्या आणि मूळ फोटो पेडण्याच्या बाईला परत दिला. लग्नात मांडवात मोठी केलेली प्रत मांडली, तेव्हा काही पाहुण्यांना वाटलं की मांडीवरचं मूल म्हणजे आमचीच लेक. मी कोणाची चूक सुधारली नाही. पेडण्याची ती मुलगी त्या दिवशी लेकीच्या मागे करवली म्हणून उभी राहिली.

याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, ते मी ठरवत नाही. मी त्यांना पेटीत कोंडून जपत होते, आणि माझा हात जिथे पोचत नव्हता तिथे अनोळखी माणसं त्यांना जपत होती. आपण आपल्यापरीने सांभाळावं, बाकीचं देवीवर सोडावं, एवढं मला उमगलं, तेही उशिरा. वर्षातून एकदा मी पेडण्याला जाते. ती बाई मला चहाच्याही आधी देवाच्या खोलीत नेते. तिथे देवांना आणि त्यांना मिळून एकच दिवा असतो. मी थोडा वेळ बसते. काही मागत नाही.