पेडलला हळदकुंकू

झाशीत माझ्या सासरी खंडेनवमीला शस्त्रं म्हणून जे पूजेला बसायचं ते रेल्वेचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, लोको शेडमध्ये फिटर होते. निवृत्त झाले तरी त्यांचा मोठा पाना, हातोडी आणि टॉर्च दरवर्षी पाटावर मांडले जायचे. शेजारी सासूबाईंची विळी. माझं त्या पाटावर काहीच नसे आणि मला त्याचं वाईट वाटे.

त्या वर्षी मी सिविल लाइन्समध्ये मेडिकल ट्रान्सक्रिप्शन शिकत होते. परदेशातले डॉक्टर रोग्याला तपासून जे बोलून ठेवतात ते हेडफोनवर ऐकायचं, टाइप करायचं, मग त्यातल्या चुका काढायच्या. दोन्ही हात कीबोर्डवर, म्हणून आवाज पायानं चालवायचा. पेडल दाबलं की डॉक्टर बोलतो, पाय उचलला की गप्प. एवढ्या मोठ्या डॉक्टरला पायानं गप्प करायची मला भारी मजा वाटे. मामंजींना मात्र हे काम वाटतच नसे. "कानात बोळे घालून बसायची कसली फीस?" म्हणायचे. मी बी.एड. करून मास्तरीण व्हावं, ही त्यांची इच्छा. शेवटी ठरलं, परीक्षेत पास झाले तर घरी बसून हेच काम करीन, नाहीतर मुकाट्यानं बी.एड. मला दुसऱ्यांची पोरं दटावायची मुळीच हौस नव्हती.

परीक्षा नेमकी दसऱ्याला. काम सगळं परदेशातल्या दवाखान्यांचं, त्यांना कुठला आलाय दसरा! नवमीला घरी सरावाला बसावं म्हणून पाहते तर क्लासच्या पिशवीत पेडल नाही. घर पालथं घातलं. सापडलं ते देवासमोर पाटावर, पान्याच्या शेजारी. वर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल.

"हे इथं कुणी ठेवलं?"

"मी," मामंजी म्हणाले. "उद्या त्याच्यावर परीक्षा ना तुझी? मग पूजा नको? आता सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

मला रडू आलं आणि रागही आला. पाटावर जागा मिळाली ती अशी, सराव बुडवून! दिवसभर मी त्या झेंडूच्या फुलाकडे बघत पुरणपोळ्या लाटल्या.

सकाळी पेडल पिशवीत घालताना खरी पंचाईत लक्षात आली. आमच्याकडे वहीला चुकून पाय लागला तरी वाकून नमस्कार करतात. "मामंजी, पुजलेल्या वस्तूवर आता पाय कसा ठेवू?"

"पाय?" ते दचकले. "हे पायानं चालवतात?"

इतके महिने माझी टिंगल केली, पण टेबलाखाली कधी डोकावले नव्हते. बिचारे एकदम ओशाळले. पाट उचलायचा सोडून तिथंच बसून राहिले. मग म्हणाले, "इंजिनावर चढताना मी पायरीला हात लावून नमस्कार करायचो आणि मगच पाय ठेवायचो. तू तसंच कर."

परीक्षेच्या खोलीत सगळे टाइप करायला लागले. मी चप्पल काढली, टेबलाखाली वाकले, पेडलला हात लावून कपाळाला लावला.

"क्या हुआ मैडमजी, कुछ गिर गया?" सरांनी विचारलं.

"नहीं सर, नमस्कार कर रही थी."

सर हसले. मी पाय ठेवला आणि डॉक्टर बोलू लागला. त्या दिवशी माझा हात असा चालला की मलाच माझं कौतुक वाटलं. जे नीट ऐकू आलं नाही तिथं अंदाज न ठोकता जागा मोकळी सोडली, शिकवलं होतं तशी. दुपारीच सरांनी तपासून सांगितलं, पास. टेम्पोत बसले तेव्हा दिसलं, घामानं कुंकू ओलं होऊन उजव्या पायाचा अंगठा लालभडक झाला होता. पुसावंसं वाटेना.

मामंजी दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांची नजर माझ्या पायावर गेली. निकाल काही त्यांनी विचारला नाही. आत वळून सासूबाईंना हाक मारली, "अगं, तांदळानं माप भरून आण. सून आलीय."

सासूबाई हसत हसत माप घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर ठेवलं. लग्नात ओलांडलं होतं तसंच मी ते उजव्या पायानं ओलांडलं, आणि मग सांगितलं की पास झाले.