जित्या माणसांचे मोठे फोटो

लेन्सवर धूळ बसली तर ब्लोअरने उडवता येते. किस्से तसे उडत नाहीत. परतूरच्या माझ्या स्टुडिओत ते बसत जातात, एकावर एक, आणि चहा आला की आपोआप बाहेर पडतात. त्यातले थोडे सांगतो. सगळे एकाच खटाटोपातून निघालेले आहेत. लग्नाच्या ऑर्डरी घेऊन पोट भरतं, पण मला आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे मोठे पोर्ट्रेट काढायचे होते. नुसते चेहरे! आणि ते जालन्याच्या हॉलमध्ये मांडायचे होते. दिवाळीनंतरची तारीखही मिळाली होती.

*

सुरुवात लेन्सपासून. पोर्ट्रेटसाठी मी पंच्याऐंशी एमएमची फिक्स लेन्स आणली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद! मागचं सगळं विरघळायचं आणि समोर फक्त डोळे उरायचे.

दुसऱ्याच दिवशी एका लग्नात मुलीच्या मामांनी ती हातात घेऊन फिरवून पाहिली. झूम कुठं आहे म्हणाले. मी म्हटलं, हिला झूम नसतो. मामांचा चेहराच पडला. एवढा खर्चा करून झूम न्हाई, म्हणजे दुकानदाराने मला फसवलं, असं त्यांचं ठाम मत झालं.

माझ्या शेजारी सलीमभाईंचं फ्रेमचं दुकान आहे. तेही जेवायला आले होते. त्यांनी मामांना शांतपणे समजावलं, "झूम हाय ना. त्यांच्या पायात हाय. बघा आता कसे मागं-पुढं पळतेत."

*

लाइट मात्र मला मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, सापडला. थंडीचे दिवस, कापसाचे ढीग लागलेले. एक शेतकरी ढिगाच्या कडेला उकिडवा बसून बिडी ओढत होता. पांढऱ्या कापसावरून ऊन उलटून त्याच्या चेहऱ्यावर खालून येत होतं. हनुवटीखालची सावली गेलेली, डोळ्यांत चमक. थर्माकोलच्या शीटा लावून वर्षभर मी जे शोधत होतो, ते इथे फुकट सांडलेलं! मी स्टुडिओकडे धावलो, कॅमेरा घेऊन परत धावलो. शेतकरी नशिबाने तिथेच होता.

ढिगाच्या मालकाने, म्हणजे व्यापाऱ्याने, काम होईपर्यंत काही विचारलं नाही. मग फोटो दाखव म्हणाला. मी कॅमेऱ्याचा स्क्रीन पुढे केला. त्याने बराच वेळ निरखून पाहिलं.

"माणूस ठीक हाय," तो म्हणाला. "पण कापूस ओला वाटून राह्यला."

*

आता नामदेवकाकांचा किस्सा. काका आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. नाक धारदार, कपाळावर आठ्या, नजर सरळ. त्यांचं पोर्ट्रेट मी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढलं. आजवरचं माझं सर्वांत चांगलं काम. मोठी प्रिंट केली, सलीमभाईंनी काळी फ्रेम बसवली. ब्राउन पेपरात गुंडाळून मी काकांच्या घरी गेलो. घरात त्यांची सून कविता एकटीच, मागे भांडी घासत होती. मी ओसरीवर फ्रेम टेकवली, काकांचा फोटो ठेवलाय असं ओरडून सांगितलं आणि लग्नाच्या कामाला निघून गेलो.

आमच्याकडे एकट्या माणसाचा मोठा, फ्रेम केलेला फोटो कधी लागतो, हे काय सांगायला हवं? हार घालायची वेळ आली की! त्यात काका पहाटेच्या गाडीने डोळे तपासायला जालन्याला गेल्ते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. कविताने कागद सोडला. आतून काळ्या फ्रेममधले गंभीर काका निघाले. तिला वाटलं, निरोप येण्याआधी फोटो आला. तिने हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली, सतरंज्या पडल्या, पाहुण्यांना फोन गेले.

संध्याकाळी काका स्टेशनवरून चालत आले. दारात चपलांचा ढीग बघितला. टोपी सारखी केली, आत येऊन सतरंजीच्या कडेला मांडी घातली आणि शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

*

हसणाऱ्यांचं हसून झालं, माझा मात्र बाजार उठला. मी फोटो काढला की माणूस वर जातो, अशी बातमी पसरली. ज्यांनी हो म्हटलं होतं, ते रस्ता बदलू लागले. एकांनी तर नमस्कारही लांबूनच केला. हॉल ठरलेला आणि भिंती रिकाम्या!

माझी बायको मंगल म्हणाली, "अहो, आधी स्वतःचा लावा. तुम्ही जित्ते राह्यले तर लोक येतील."

मी खरंच स्वतःचं पोर्ट्रेट काढलं, तसंच काळ्या फ्रेममध्ये, आणि काचेत लावलं. येणारे-जाणारे थांबायचे. फोटोकडे बघायचे, मग मान लांब करून आत बघायचे. मध्यंतरी मला ताप आला, तरी मंगलने घरी राहू दिलं नाही. दुकानात दिसला नाहीत तर सगळं मुसळ केरात जाईल म्हणाली. मी स्वेटर घालून गल्ल्यावर बसलो. शेवटी शेवटी सलीमभाईच लोकांना परस्पर सांगू लागले, "हायेत, हायेत. आत्ताच जेवले."

*

पहिल्या आल्या त्या सोनाबाई. मूळच्या धावडा गावच्या, परतूरला लेकीकडे आलेल्या. म्हणाल्या, माझं वय झालं, आता कशाला भ्यायचं, काढ.

खिडकीच्या उजेडात असा चेहरा मला कधी मिळाला नव्हता! पण लग्नाच्या कामाची सवय वाईट. घरी कॉम्प्युटरवर बसलो आणि हात आपोआप सुरकुत्या पुसत गेला. गाल गुळगुळीत केले, डाग काढले, रंग उजळला.

सोनाबाईंनी प्रिंट हातात घेतली. "ही कोण?"

मी म्हटलं, तुम्हीच.

"न्हाई रे बाबा. उभ्या जन्माचं ऊन लागलंय माझ्या तोंडाला. ते कुठं टाकलंस?"

मी मूळ फाइल उघडली, काहीही न पुसता पुन्हा प्रिंट काढली. त्या दिवसापासून कातडीला हात लावला नाही. नव्या प्रिंटवर सोनाबाईंनी बोट फिरवलं आणि लेकीला म्हणाल्या, "आता वळखीची झाली."

*

मग एकेक करत माणसं आली. भिंती भरतील एवढी आली. पण मधोमध लावायला मला नामदेवकाकाच हवे होते. काकांच्या घरून परत आलेली ती फ्रेम तेव्हापासून माझ्याकडे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. काकांना विचारलं, तर म्हणाले, माझं काही न्हाई, पण त्या दिवशी रडली सून. ती हो म्हणली तर लाव.

कविताला विचारलं. ती काकांसमोर कधी बोलत नाही. दाराआडून मंगलला सांगितलं की आधी बघते. त्या दिवशी तिने फक्त फ्रेम पाहिली होती, फोटो नीट पाहिलाच नव्हता. बघून नको वाटला तर लगेच उतरवायचा. मी कबूल झालो.

प्रदर्शनाच्या सकाळी जालन्याच्या हॉलमध्ये सगळे फोटो लागले. मधोमध काका. सलीमभाई खाली स्टूल धरून उभे, फ्रेम उतरवायची तयारी ठेवून. काका आणि कविता आले. काका पुढे, ती चार पावलं मागे, डोक्यावर पदर.

काकांनी चष्मा पुसला, लावला. नवा नंबर होता. आपल्याच चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"हा म्हातारा लई हेकट दिसून राह्यला," ते म्हणाले. "घरात कुणाचं ऐकत नसंल."

आम्ही सगळे कविताकडे बघू लागलो. ती पुढे आली. काकांच्या बरोबरीने उभी राहिली. आधी फोटोकडे बघितलं, मग काकांकडे, मग परत फोटोकडे.

"राहू द्या, मामा," ती सासऱ्यांना म्हणाली. "बराबर आलाय."