गलांड्याला मी एकदांडी म्हणालो

“पाटील, आ शुं छे?”

हे काय आहे, म्हणून मेहुलभाई वाफ्याकडे बोट दाखवत होते. डिव्हायडरच्या टोकाला बोटभर उंचीची, केसाळ पानांची रोपं दाट उगवली होती.

मेहुलभाई गार्डनचे कंत्राटदार, मी त्यांचा मुकादम. कतारगामकडच्या रस्त्यांचे डिव्हायडर आमच्याकडे आहेत. धुळ्याहून सुरतेत येऊन मला बावीस वर्षं झाली. झाड ओळखायचं असलं की मेहुलभाई मलाच विचारतात.

तो वाफा सुनंदाबाईंचा. त्या परभणीकडच्या, रोजंदारीवर खुरपणी करायच्या. टँकरचा पाइप पोचत नाही अशा जागी त्यांनी गावाकडून आणलेलं गलांड्याचं बी टाकलं होतं. गलांडा म्हणजे लाल-पिवळं फूल, झेंडूच्याच कुळातलं. एकदा मुळं धरली की फारसं पाणी मागत नाही. त्याच रस्त्यावर मी लावलेली पिटुनियाची रोपं रोज पाणी पिऊनही माना टाकत होती. मेहुलभाई सगळ्यांसमोर म्हणाले होते, “बाईंचा वाफा फुलला तर त्यांना नर्सरीत कायम घेऊ. उन्हाळ्याची रोपं त्याच ठरवतील.”

ती रोपं तोवर मी ठरवत होतो. त्या दिवसापासून मी रोज वाट वाकडी करून तो वाफा बघायला जायचो. एखादं तरी रोप मेलेलं दिसावं म्हणून. एकही मेलं नाही.

मेहुलभाईंनी विचारलं त्या दिवशी सुनंदाबाई दुसऱ्या रस्त्यावर होत्या. मी वाकून एक रोप उपटलं. एकदांडी नावाचं तणही याच कुळातलं, पानं तशीच केसाळ. पण एकदांडीची पानं जोडीने, समोरासमोर येतात. गलांड्याची एकाआड एक. माझ्या हातातली एकाआड एक होती.

“एकदांडी,” मी म्हणालो. “तण आहे. बाईंचं बी उगवलंच नाही वाटतं.”

“पक्का?”

“बावीस वर्षं हेच करतोय, साहेब.”

“तो काढी नाखो,” मग काढून टाका, म्हणत ते गाडीत बसले. दुपारपर्यंत मी वाफा साफ करून घेतला.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई आल्या आणि मोकळ्या मातीकडे बघत राहिल्या. “मुकादम, कुनी उपटलं?”

“साहेबांनी सांगितलं.” हे खोटं नव्हतं.

“साहेबाला काय कळतंय त्यातलं? तुमाला इचारलं नाही का?”

मी पिटुनियाला पाणी घालायला निघून गेलो. मागून आवाज आला, “मूठभर बी व्हतं. समदं हितंच टाकलं व्हतं.”

ते मूठभर बी डोक्यातून जाईना. तीन दिवसांनी मी एकदांडीचं एक रोप आणि उपटलेल्या ढिगातलं सुकलेलं गलांड्याचं एक रोप मेहुलभाईंच्या टेबलावर ठेवलं. दोन्हींतला फरक दाखवला. त्या दिवशीही मला तो दिसला होता, हे सांगितलं.

“मग असं का बोललास?”

“बाईंचं चांगलं मला बघवलं नाही, साहेब.”

त्यांनी सुनंदाबाईंना बोलावलं आणि मला पुन्हा सगळं सांगायला लावलं.

“माज्या हाताखाली यावं लागंल म्हनून भ्यालात व्हय?” त्या म्हणाल्या. “मी तर तुमालाच इचारून करनार व्हते.”



पेरणीची वेळ निघून गेली होती. मी दुकानातून बी आणून टाकलं, ते उन्हात उगवून करपलं. दाखवायला फूल नाही, म्हणून बाई वर्षभर रोजंदारीवरच राहिल्या. यंदा त्यांनी गावाहून पुन्हा बी आणलं. वाफा भर उन्हाळ्यात फुलला आणि त्या नर्सरीत कायम झाल्या. त्यांचं एक वर्ष मात्र मी खाल्लं.

फुलं बघून आनंद झाला, असं लिहायला आवडलं असतं. पण पोटात दुखलंच. म्हणून आता एवढंच पाळतो. कोणी रोप ओळखायला आणलं की आधी विचारतो, लावलं कोणी? ज्याचा हेवा वाटतो त्याचं नाव निघालं, तर मी ओळख सांगत नाही. दुसऱ्याकडे पाठवतो.