रॉकेलची रिकामी बाटली

माझा बाप खाडीपलीकडे दारू पोचवतो, अशी आमच्या आईची पक्की खात्री होती.

आज आईची पुण्यतिथी. अशा दिवशी गोड गोड लिहायचं असतं, माहितेय मला.

पण आई संशयी होती आणि मी तिचीच मुलगी. सोसायटीत नवा वॉचमन आला तरी मी चार दिवस गॅलरीतून त्याच्याकडे बघत असते.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. ठाण्याजवळ, दिवा स्टेशनच्या बाजूला, खाडीला लागून आमचं गाव. बाबा मिठागरात. गुडघाभर खारट पाण्यात अर्धा जन्म गेलेला त्यांचा.

मग मालकाने त्यांना वजनकाट्यावर बसवलं.

सावलीत. खुर्चीवर.

खुर्चीत बसून पगार घेणारा गावातला पहिला माणूस आमच्या घरचा. आईचा रुबाब तेव्हा बघायला हवा होता. त्या दिवसापासून तिने बाबांना कशाला हात लावू दिला नाही. पाणी हातात, चपला पायाशी.

"खुर्चीवरचा मानूस लाकडं फोडतो का?"

बाबा अंगाने भरले. ओटा चढताना धाप लागायची. आई म्हणायची, सुख अंगी लागलंय.

आणि मग एकाएकी ते रोज संध्याकाळी कुठेतरी जायला लागले. हातात दोरी बांधलेली रॉकेलची बाटली. जाताना रिकामी.

येतानाही रिकामी.

"रॉकेल कुठंय?"

"दुकानात संपलंय."

रोज कसं संपेल हो रॉकेल?

त्यात दारूबंदीचे दिवस. खाडीकाठच्या झुडपांत हातभट्ट्या लागायच्या, धाडी पडायच्या. आईने बाटलीचा वास घेतला. रॉकेलचाच आला.

तर मला म्हणते, "बघ, आतला वास लपवाला वरून रॉकेल लावलाय."

शिवाय बाबा जेवणात मीठ नको म्हणायला लागलेले. मिठागरवाला आणि अळणी जेवतो? म्हणजे नक्की बाहेर कोणाकडे तरी चमचमीत जेवून येतोय. आईचं डोकं असं चालायचं. माझंही तसंच चालतं.

शेवटी एका संध्याकाळी ती मला घेऊन त्यांच्या मागावर निघाली.

बाबा बांधावरून चालत उघाडीपर्यंत गेले, म्हणजे जिथून भरतीचं पाणी मिठागरात घेतात तिथपर्यंत. उभे राहिले. दम घेतला. मागे वळले. कोणाला भेटले नाहीत की बाटलीत काही भरलं नाही.

आम्ही तिवरांच्या झुडपांमागे लपलेलो. मी म्हटलं, "आये, ते नुसतेच चालतायत."

"नुसतं कोन चालतं? त्यांनी आपल्याला बघितलाय."

तिचं तरी काय चुकलं म्हणा. आमच्या गावात मोठा माणूस चालायचा तो शेतावर, मिठागरावर, बाजाराला, नाहीतर मयताला. कामाशिवाय चालणारा कोणी पाहिलेलाच नव्हता.

घरी आल्यावर तिने मला दोघांच्या मध्ये उभं केलं.

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवा न बोला. परत बांधावर जानार नाय."

"अगं, तसं काय नाय," बाबा म्हणाले.

मग त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. जड होता, घामाने ओला.

पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर ती पोराला बाधते, असं आमच्याकडे मानायचे. आणि जिने घातली तिने "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही.

बाबांनी शपथ पाळली. बाटली खुंटीला, बाबा खुर्चीत. आई निश्चिंत झाली.

पुढच्या उन्हाळ्यात ते काट्यासमोरच्या त्या खुर्चीतच गेले.

गाव म्हणालं, पुण्यवान माणूस, बसल्या जागी गेला. आजही कोणी असं म्हणालं की माझं डोकं फिरतं.

मिठागरावर ठाण्याहून एक डॉक्टर यायचे, माणसं तपासायला. बाबांचं दिवसकार्य झाल्यावर ते घरी आले.

"मी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. मीठही कमी करा म्हटलं होतं. लोक हसतील म्हणाले, जन्मभर राबलेल्या माणसाला चालायचं औषध कसलं? म्हणून हातात बाटली घेऊन निघायचे. बरं वाटत होतं हो त्यांना. मधेच का सोडलं?"

डॉक्टरांचा चहा तसाच निवला.

त्यानंतर आई रोज संध्याकाळी बांधावर जायला लागली. रिकाम्या हाताने. कोणी विचारलं, कुठं गं? तर म्हणायची, "चालाला."

एकटी विधवा बाई, तिन्हीसांजेला बांधावर. गावाने तिच्यावरही संशय घेतला. घेऊ दे, म्हणाली.

आता आमच्या सोसायटीत सगळे शूज घालून वॉकला निघतात. त्यांना कोणी काही विचारत नाही. मला त्यांचा राग येतो. का येतो ते आज लिहून टाकलं.

शेवटी शेवटी आई माणसं विसरत चाललेली. मला काकू म्हणायची. जायच्या आदल्या दिवशी मात्र तिने मला नावाने जवळ बोलावलं आणि हात माझ्या पांढऱ्या डोक्यावर ठेवला.

"सुटली," म्हणाली. "त्यांना सांग. जाव दे त्यांना."

बाबा, शपथ सुटली.

आई, तुला नमस्कार. ते बांधावरच असतील. आता मागे लपू नकोस, बरोबर चाल.